पेरू देशातल्या कवट्या पाहायला

अमेरिकेहून परतून आता वर्ष उलटून गेलं, तरी मिरजेत जो भेटतो तो नायगाऱ्याचं विचारतो. नायगारा आम्ही पाहिला नाही. न्यूयॉर्कचा पुतळाही पाहिला नाही. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये मी आणि माझा थोरला भाऊ तीन महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि पाच महिने राहून आलो. त्या पाच महिन्यांत मी डोळे भरून पाहिल्या त्या चार कवट्या, आणि त्यासुद्धा जेमतेम तासभर. त्या तासाची किंमत फार मोठी पडली असती.

आधी आमच्याबद्दल सांगते. मी आयुर्वेद महाविद्यालयात तीस वर्षं शारीर शिकवलं. हाडं, सांधे, शिरा, मर्मं. नोकरीतून मोकळी झाल्यावर एकच नाद उरला: जुन्या काळातले लोक शस्त्रक्रिया कशी करत असतील, याचा शोध. आपल्याकडचे शल्यवैद्य विद्यार्थ्यांचा हात बसावा म्हणून कोहळ्यावर आणि काकडीवर छेद घ्यायला लावत. ग्रीक वैद्य कवटीला भोक पाडताना हत्यार मधूनमधून गार पाण्यात बुडवत, हाड तापू नये म्हणून. आणि दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, तिथल्या डोंगरी लोकांनी लोखंडाचं नावही ऐकलेलं नसताना, दगडाच्या धारेनं जिवंत माणसांच्या कवट्या उघडल्या होत्या. त्यातली पुष्कळ माणसं नंतर वर्षानुवर्षं जगली. हे मी वाचलं होतं. चित्रं पाहिली होती. प्रत्यक्ष पाहावं असं फार मनात होतं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. वहिनी गेल्यापासून माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याची एकुलती एक मुलगी कल्याणी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात. तिच्याकडे जायचं ठरलं, आणि वॉशिंग्टनच्या एका मोठ्या संग्रहालयात मार्गारेट नावाच्या संशोधक बाईंशी माझा दोन वर्षं ईमेलवर पत्रव्यवहार चालू होता. त्यांनी कळवलं, "तुम्ही या, मी तुम्हाला आतल्या खोलीत नेऊन कवट्या दाखवते. ऑक्टोबरमधली एक सकाळ तुमच्यासाठी राखून ठेवते."

कॅरी

कॅरीला गाव म्हणायचं ते सवयीनं. पाइनच्या उंच झाडांत लपलेली घरं, प्रत्येक घरापुढे दोन गाड्या, आणि रस्त्यावर माणूस म्हणून नाही. सकाळी सात वाजता कल्याणी औषधांच्या कंपनीत जायला निघे, तिचा नवरा रोहित त्याच्या ऑफिसला, आठ वर्षांची ईशा पिवळ्या बसनं शाळेला. मग दिवसभर घरात आम्ही दोघं. दादा रोज सकाळी फिरायला जाई आणि पावलं मोजी. "इथला फुटपाथ चारशे दहा पावलांवर संपतो," तो येऊन सांगे. "पुढे नुसतं गवत. चालणारा माणूस येईल असं कोणाच्या डोक्यातच आलेलं नाही."

त्याची खरी अडचण होती अंघोळीची. बादली नाही, तांब्या नाही. टबात चढायचं, पडदा ओढायचा आणि वरून येईल तेवढ्या पाण्याखाली उभं राहायचं. कल्याणीनं इंडियन स्टोअरमधून प्लॅस्टिकची बादली आणून दिली, पण टबाची कड ओलांडायची ती ओलांडायचीच.

सप्टेंबरच्या शेवटाला एका मंगळवारी, सगळे बाहेर गेल्यावर, मी स्वयंपाकघरात असताना आवाज आला. पोतं पडल्यासारखा. मी धावले. दादा टबात बसला होता, पंचा कसाबसा गुंडाळलेला, उजवा हात डोक्यावर.

"लागलं?"

"टेंगूळ आलंय. साबण होता पायाखाली."

मी त्याला बाहेर काढलं, खुर्चीवर बसवलं. उजव्या कानाच्या वर, जरा मागे, सुपारीएवढी सूज होती. रक्त नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या, दोन्ही हातांची पकड पाहिली, आजचा वार विचारला.

"मंगळवार. आणि तू माझी परीक्षा घेऊ नकोस," तो हसत म्हणाला. मग गंभीर झाला. "सुमन, कल्याणीला सांगू नकोस. उद्यापासून ती मला अंघोळीलासुद्धा एकट्याला जाऊ देणार नाही. कामं सोडून घरी बसेल. टेंगळासाठी?"

मी हो म्हटलं. दादाची दया आली म्हणून हो म्हटलं, असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण त्या क्षणी माझ्या मनात दुसरंच आलं होतं. मार्गारेटबाईंनी राखून ठेवलेली सकाळ पंधरा दिवसांवर आली होती. कल्याणीला कळलं असतं तर डॉक्टर, तपासण्या, आणि "आता कुठे जायचं नाही."

दादाला हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. हेही मला माहीत होतं.

पहिला आठवडा नीट गेला. टेंगूळ ओसरलं. दादानं ईशाला पत्त्यांचे डाव शिकवले, ती त्याला इंग्रजीतून ओरडे आणि तो मराठीतून. मी निवांत झाले. मग नवव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "डोकं जड आहे. सर्दीचं असेल." दहाव्या दिवशीही तेच. दुपारी झोपायची सवय नसलेला माणूस जेवून दोन-दोन तास झोपू लागला. अकराव्या दिवशी संध्याकाळी ईशा खेळता खेळता आईला म्हणाली, "आजोबा इज वॉकिंग फनी."

कल्याणी हसली. "थकलेत गं. सर्दी अजून गेली नाही वाटतं."

मी शेंगा सोलत होते. माझे हात थांबले. आपल्या जुन्या शल्यशास्त्रात कवटीच्या सांध्यांना सीमंत म्हणतात, आणि ती मर्मं कालांतरानं प्राण घेणारी म्हणून सांगितली आहेत. घाव बसला की माणूस लगेच जात नाही. चालतो, बोलतो, जेवतो. पंधरवडा जातो, कधी महिना. तीस वर्षं दरवर्षी नव्या वर्गापुढे मी हे फळ्यावर लिहिलं होतं आणि मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. त्या संध्याकाळी मी बोटांवर दिवस मोजले आणि शेंगा सोलायला लागले.

कॅरी ते हर्नडन

सोमवारी कल्याणीनं रजा घेतली आणि आम्हा दोघांना घेऊन निघाली. रात्रीचा मुक्काम हर्नडनला, वॉशिंग्टनजवळच्या व्हर्जिनियातल्या गावी, तिच्या कॉलेजातल्या मंदारकडे. मंदार मूळचा नागपूरचा, हर्नडनच्या एका आयटी कंपनीत होता आणि त्याची बायको बाळंतपणाला भारतात गेली होती.

दादाला नकाशाचं वेड. मिरजेहून कोल्हापूरला जातानासुद्धा तो मांडीवर नकाशा उघडतो. कल्याणीनं त्याच्यासाठी रस्त्यांचं मोठं पुस्तक आणलं होतं. तो पुढच्या सीटवर बसला, पुस्तक उघडलं आणि गप्प बसला. झाडांना रंग चढायला लागले होते. तांबडी, केशरी, मधूनच हिरवी. एरवी मी हे वर्णन मोठ्या हौसेनं केलं असतं. मी मागच्या सीटवरून दादाच्या हातातल्या नकाशाकडे पाहत होते. तो उलटा होता.

"बाबा, आता कुठला एक्झिट?" कल्याणीनं गमतीनं विचारलं.

दादा बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. "पाणी कुठून सोडलंय ते कळत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. चष्मा पुसायला हवा."

कल्याणीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

रिचमंडच्या पुढे एका रेस्ट एरियात थांबलो. लाकडी बाकावर बसून घरून आणलेले थेपले खाल्ले. दादाच्या डाव्या हातातून थेपला दोनदा गळला. दुसऱ्यांदा गळला तेव्हा त्यानं उचललाही नाही, जणू तो त्याचा नव्हताच. तिथून गाडीकडे जाताना त्याचा डावा पाय जमिनीला घासत होता. खर्र, खर्र. मी त्याच्या मागून चालत होते आणि तो आवाज ऐकत होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या बाकावर. मी मनात वाक्य तयारही केलं होतं.

मंदारनं आमच्यासाठी मोठा बेत केला होता. वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, आणि त्याच्या आईनं नागपूरहून पाठवलेलं झणझणीत लोणचं. "मावशी, बायको नाही म्हणून पोळ्यांचे नकाशे झालेत, सांभाळून घ्या," तो म्हणाला. स्टीलची ताटं होती. त्यानं अगदी रीतसर वाढलं. डावीकडे मीठ, लोणचं, चटणी, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे भाजी, वरण. मध्ये भात.

दादाला लोणच्याशिवाय घास उतरत नाही. त्या दिवशी तो भाजी जेवला, वरण जेवला, भाताचा उजवा अर्धा भाग जेवला. भाताच्या मधोमध एक सरळ कडा तयार झाली. तिच्या डावीकडचं सगळं जसंच्या तसं होतं.

"दादा, लोणचं घे ना," मी म्हटलं.

"वाढलंच नाही कोणी."

"ते काय, तुझ्या ताटात."

त्यानं ताटाकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हसला. त्या हसण्यात तोंडाचा डावा कोपरा मागे राहिला.

मंदार म्हणाला, "काका, थांबा, मी देतो की," आणि त्यानं उजवीकडे लोणचं वाढलं. दादानं ते आवडीनं खाल्लं. कल्याणी फोनवर ईशाशी बोलत होती. तिनं काही पाहिलं नाही.

मी पाहिलं. त्याला डावी बाजू उरलेली नव्हती. डोक्याच्या उजव्या अंगाला काहीतरी दाबत होतं, आणि ते काय असणार हे मला त्या टेबलावर शंभर टक्के कळलं. आणि मी ठरवलं की उद्याची सकाळ होऊ दे, दुपारी सांगू. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे.

वॉशिंग्टन

सकाळी दादा बरा वाटला. स्वतःहून उठला, दाढी केली, मंदारला नागपूरच्या एका जुन्या बंधाऱ्याबद्दल अचूक काहीतरी सांगितलं. हे दुखणं असं चढउतार दाखवतं. मला तेही ठाऊक होतं. तरी मी देवाचे आभार मानले आणि साडीला पिन लावली.

गाडी मेट्रोच्या स्टेशनवर ठेवून आम्ही मेट्रोनं शहरात गेलो. संग्रहालयाच्या दारात पहारेकऱ्यानं पिशव्या उघडून पाहिल्या, कॅमेरा पाहिला, दादाच्या गोळ्यांची डबी पाहिली. मार्गारेटबाई खाली न्यायला आल्या. सत्तरीच्या, बारीक, पांढरे केस कापलेले, पायात बूट पळायला घालतात तसले. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून नुसत्या हसलो. दोन वर्षांची ओळख होती आणि चेहरा पहिल्यांदा दिसत होता.

वर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत हिरवे खण. प्रत्येक खणात माणसं, म्हणाल्या त्या. मग एका खोलीत मोठ्या टेबलावर काळ्या कापडावर चार कवट्या मांडलेल्या. दादाला भिंतीशी स्टुलावर बसवलं. कल्याणी त्याच्याजवळ उभी राहिली.

मार्गारेटबाईंनी पहिली कवटी उचलली. डाव्या अंगाला रुपयाएवढं भोक. त्याची कड गुळगुळीत, आतल्या बाजूला निमुळती होत गेलेली. "हात लावा," त्या म्हणाल्या. मी रबरी मोजे घालून बोट फिरवलं. नदीतल्या गोट्यासारखं लागलं. हाड पुन्हा वाढलं होतं. हा माणूस शस्त्रक्रियेनंतर कितीतरी वर्षं जगला होता. कोण होता, कशानं डोकं फुटलं, त्याला कोणी धरून ठेवलं, कोणी धीर दिला, काही माहीत नाही. पण कोणीतरी त्याची जखम कित्येक दिवस रोज धुतली होती, त्याशिवाय अशी कड होत नाही.

दुसरीवर गोफणीच्या दगडाची खूण होती, तडा गेलेला, आणि तड्याभोवती चार सरळ रेघांनी कापलेला चौकोन. त्याची कड धारदार होती. काल कापल्यासारखी. "हा टेबलावरून उठला नाही," मार्गारेटबाई म्हणाल्या.

तिसरी त्यांनी माझ्या हातात दिली. भोक होतं, भरून आलेलं. पण तडा कुठेच नव्हता.

"मग याची कवटी का उघडली?" मी विचारलं.

"आतून रक्त साचलं असेल कदाचित. मार लागून गेला, वरून काही दिसत नाही, आणि माणूस हळूहळू बिघडत जातो. त्यांच्याकडे आत पाहायला काही साधन नव्हतं. कोणीतरी जवळच्या माणसानं लक्ष ठेवलं असणार. चालतो कसा, बोलतो कसा, जेवतो कसा. आणि जाऊन सांगितलं असणार."

मी कवटी खाली ठेवली. ठेवताना ती कापडावर किंचित डगमगली. मी मागे वळून पाहिलं.

दादाचा डावा हात स्टुलाच्या बाजूनं सरळ खाली लोंबत होता. मान उजवीकडे वळलेली. डोळे उघडे होते. कल्याणी दाराशी जाऊन बोळातल्या खणांवरची लेबलं वाचत होती.

"दादा."

त्यानं ओठ हलवले. आवाज आला, शब्द नाही. मग तो स्टुलावरून डावीकडे कलायला लागला, अगदी सावकाश, आणि मी आणि मार्गारेटबाई दोघींनी धावत जाऊन त्याला धरलं. कल्याणी किंचाळली. मार्गारेटबाईंनी भिंतीवरचा फोन उचलला.

अँब्युलन्सची माणसं सात-आठ मिनिटांत वर आली. दोन धिप्पाड तरुण, अतिशय शांत. एकानं दादाच्या डोळ्यांत बॅटरी टाकली, दुसरा कल्याणीला विचारू लागला. वय? औषधं? मधुमेह? ती रडत रडत, पण चोख उत्तरं देत होती.

"गेल्या काही दिवसांत पडले का? डोक्याला मार?"

"नो," कल्याणी म्हणाली. "नो, नथिंग लाइक दॅट."

"हो," मी म्हटलं. माझं इंग्रजी एरवी बरं आहे, पण त्या वेळी मराठीच आलं. मग इंग्रजीत सांगितलं. "पडला. बाथटबमध्ये. उजव्या बाजूला. चौदा दिवस झाले. रक्त पातळ करायची गोळी घेतो. पाच दिवसांपासून डोकं दुखतंय, तीन दिवसांपासून पाय ओढतोय, काल रात्रीपासून डावीकडचं दिसत नाही."

तो तरुण भराभर लिहून घेत होता. कल्याणी माझ्याकडे पाहत होती. तिचं रडणं थांबलं होतं.

रुग्णालय

इस्पितळाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी जे केलं त्याबद्दल मी जन्माची ऋणी आहे. सर्जन एक तरुण बाई होती, चाळिशीसुद्धा नसेल. तिनं पडद्यावर दादाच्या डोक्याचा फोटो दाखवला. मेंदूच्या उजव्या कडेला एक राखाडी चंद्रकोर, आणि तिच्या दाबानं सगळा मेंदू डावीकडे सरकलेला.

"दोन भोकं पाडायची," ती म्हणाली. "साचलेलं रक्त बाहेर काढायचं. आधी गोळीचा परिणाम उतरवावा लागेल, नाहीतर रक्त थांबणार नाही. म्हणून थोडा वेळ जाईल. तुम्ही कालच आणलं असतं तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. कल्याणीनं सही केली.

आपल्याकडे पेशंट आत गेला की बाहेर पंधरा माणसं असतात. कोणी चहा आणतं, कोणी देवाचा अंगारा, कोणी उगाच भांडतं. इथे गालिचा घातलेली गार खोली, एक मासिकांचं टेबल आणि आम्ही दोघी. मधल्या चार खुर्च्या रिकाम्या. मंदार ऑफिसमधून धावत आला, कॉफी आणली, कल्याणीजवळ बसला. "होईल यार सगळं ठीक," तो तिला म्हणाला. माझ्याकडे वळून, "मावशी, तुम्ही काहीतरी खा." मी मान हलवली.

मला त्या खोलीत काय वाटत होतं ते नेमकं सांगते. दुःख नव्हतं, पश्चात्तापही नंतर आला. नुसती भीती होती. बंद दारापलीकडे काय चाललं आहे ते मला पायरीपायरीनं ठाऊक होतं. आता केस काढले असतील. आता कातडी बाजूला. आता हाड. मी डोळे मिटले की ती दुसरी कवटी दिसे, धारदार कडेची, आणि मी डोळे उघडत असे. मी तीस वर्षं मृत्यूची लक्षणं शिकवली होती आणि एकदाही मला भीती वाटली नव्हती. ती लक्षणं कोणा दुसऱ्याची असायची.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्जनबाई बाहेर आली. टोपी काढली, केस मोकळे केले.

"मोटारचं जुनं ऑइल असतं ना, तसं रक्त आलं," ती म्हणाली. "मेंदू लगेच जागेवर यायला लागला. आजची रात्र काळजीची. पण मला आशा आहे."

कल्याणी तिच्या गळ्यात पडली. त्या बाईनंही तिला धरलं. मी उठून उभी राहिले आणि कुठे जावं ते कळेना म्हणून पुन्हा बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा शुद्धीवर होता. डोक्याला पांढरा फेटा, त्यातून निघालेली नळी. कल्याणीनं त्याचा डावा हात हातात घेतला. "बाबा, दाबा." त्यानं दाबला. फार हलका, पण दाबला. मग त्याची नजर माझ्यावर आली.

"सुमन," तो म्हणाला. जीभ जड होती. "तुझ्या कवट्या... पाहून झाल्या का?"

मी खोलीबाहेर आले.

कल्याणी माझ्यामागून बोळात आली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आवाज मात्र शांत होता, ऑफिसात बोलत असेल तसा.

"आत्या, बाबांनी सांगू नकोस म्हटलं असणार. ते मला कळतं. त्यांना वाटलं टेंगूळ आहे."

"हो."

"पण तुला कळत होतं."

"हो."

"कधी नक्की कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "मंदारकडे जेवताना," मी म्हटलं.

ती हिशेब लावत राहिली. "म्हणजे आदल्या रात्री. तिथून हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर होतं, आत्या."

तिनं खांद्यावरची पर्स सावरली आणि ती बाबांकडे गेली.

पुन्हा कॅरी

आठवड्यानं दादाला घेऊन कॅरीला आलो. विमानप्रवासाला डॉक्टरांनी बरेच दिवस मनाई केली, म्हणून मुक्काम वाढला. टबाला रोहितनं लोखंडी दांडी बसवली, आत रबरी चटई घातली. एक बाई येऊन दादाकडून व्यायाम करून घेई. लाकडी ठोकळे डाव्या हातानं उचलून डबीत टाकायचे. पहिल्या दिवशी तीन टाकले आणि घामाघूम झाला. डिसेंबरपर्यंत तो पुन्हा ईशाशी पत्ते खेळू लागला आणि हरू लागला, आणि हरण्याचं खापर डाव्या हातावर फोडू लागला.

मार्गारेटबाईंनी कवट्यांचे फोटो पोस्टानं पाठवले. सोबत चिठ्ठी होती. त्यांच्या यजमानांना एका रविवारी छातीत कळ आली होती आणि पाहुणे यायचे म्हणून त्या दोघांनी सोमवारपर्यंत वाट पाहिली होती. एवढंच लिहिलं होतं. पुढे काय झालं ते लिहिलं नव्हतं.

कल्याणी माझ्याशी वाईट वागली नाही. चहा पुढे करी, औषधं संपली का विचारी, दुकानातून माझ्यासाठी आठवणीनं दही आणी. पण पूर्वी ती ऑफिसातून आली की ओट्याला टेकून तासभर माझ्याशी बोलायची, ते थांबलं. विमानतळावर तिनं बाबांना मिठी मारली, ईशानं आम्हा दोघांना मारली. कल्याणीनं वाकून मला नमस्कार केला. ती कधी वाकत नाही.

मिरजेला आल्यावर दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. पहिले कित्येक महिने ती मला एकच विचारी, "बाबा कसे आहेत?" आणि मी सगळं सांगे. मंगळवारी दोनदा खोकला. गुरुवारी भात कमी जेवला. परवा जिन्यात थांबला, पण दम लागल्यामुळे, चक्कर नव्हती. ती ऐकून घेई, दोन प्रश्न विचारी आणि म्हणे, "बाबांना दे." मला त्यात तक्रार करायला जागा नव्हती.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी असाच आठवड्याचा पाढा वाचला. ती "बाबांना दे" म्हणेल म्हणून फोन कानापासून दूर करत होते.

"आणि तू कशी आहेस?" ती म्हणाली.

मी ठीक आहे म्हणणार होते. जिभेवर आलंही होतं.

"डाव्या डोळ्याला कमी दिसतंय गं," मी म्हटलं. "मोतीबिंदू आहे."

"कधीपासून?"

"तुमच्याकडे यायच्या आधीपासून."

कल्याणीनं मोठा उसासा सोडला आणि माझ्यावर ओरडायला सुरुवात केली. ऑपरेशन कधी करणार, डॉक्टर कोण, कुठल्या इस्पितळात, सोबत कोण येणार, रिपोर्ट आजच्या आज स्कॅन करून पाठव. मी फोन दोन्ही हातांनी धरला होता आणि एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते.